तोंडाचा कॅन्सर परत आला, तर पुन्हा ‘लाईट’ देता येते का?

दुधनी हे सोलापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाचं गाव. तालुका अक्कलकोट, तुरीचा मोठा बाजार, घरात कन्नड आणि सरकारी कागदावर मराठी. रेल्वेनं एका बाजूला सोलापूर, दुसऱ्या बाजूला कलबुर्गी. आजारी माणसाला कुठं न्यायचं हा प्रश्न इथं दोन राज्यांत विचारला जातो.

समजा, इथल्या बाजारात हमाली करणारे एक काका आहेत. काका काल्पनिक आहेत, पण त्यांची गोष्ट वाचून तुम्हाला कुणीतरी ओळखीचं आठवेल. वीस वर्षं तंबाखू-चुना, मग मावा. डाव्या गालात बरी न होणारी जखम, तपासणी, ऑपरेशन, गालाच्या जागी छातीचं मांस लावलं, आणि त्यानंतर सहा आठवडे रोज ‘लाईट’. कुणी तिला शेक म्हणतं, कुणी करंट. डॉक्टर म्हणतात रेडिएशन. सगळं पार पडलं, काका परत बाजारात दिसायला लागले. दीड वर्षानं त्याच बाजूला पुन्हा गाठ आली.

मुलगा डॉक्टरांना विचारतो, “परत लाईट देऊन टाका की.”

याचं खरं उत्तर असं आहे: देता येते, पण प्रत्येकाला नाही. ज्यांना देता येते त्यांनाही ती पहिल्यासारखी साधी नसते. वैद्यकीय भाषेत याला ‘री-इरॅडिएशन’ म्हणतात, म्हणजे एकदा किरण घेतलेल्या जागेवर पुन्हा किरण. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बहुतेक ठिकाणी याला सरळ नाही म्हणायचे. आता मशिनं बदलली, म्हणून काही जणांसाठी दार उघडलं आहे. ते ‘काही जण’ कोण, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

आधी घरातली एक फाईल शोधा

पुढचं सगळं वाचण्याआधी हे सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त अडतं ते इथंच. दुसऱ्यांदा रेडिएशन द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा नेमकं काय दिलं होतं ते बघावं लागतं. नुसतं ‘तीस वेळा लाईट घेतली’ एवढं सांगून भागत नाही.

रेडिएशन ‘ग्रे’ या एककात मोजतात. ऑपरेशननंतर तोंडाच्या कॅन्सरला साधारण ६० ते ६६ ग्रे देतात, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. पण हे ६० ग्रे कुठं पडले? जबड्याच्या हाडावर किती, मणक्यातल्या मज्जारज्जूवर किती, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर किती? हे सगळं त्या वेळी कॉम्प्युटरवर आखलेल्या प्लॅनमध्ये असतं. डिस्चार्ज कार्डावर फक्त एकूण डोस लिहिलेला असतो. म्हणून पहिल्या रुग्णालयातून दोन गोष्टी मागून घ्यायच्या: रेडिएशनचा छापील सारांश, आणि प्लॅनचा डिजिटल डेटा सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर. मागताना ‘डायकॉम डेटा पाहिजे’ असं म्हणा, तिथल्या तंत्रज्ञाला कळतं. सोबत ऑपरेशनचा आणि बायोप्सीचा रिपोर्ट. ही फाईल इंग्रजीत असते आणि घरात कुणाला वाचता येत नाही, म्हणून ती कपाटावर पडून राहते. पण नव्या डॉक्टरांचा अर्धा निर्णय तिच्यात आहे.

तो खरंच परत आलाय का?

रेडिएशन घेतलेल्या तोंडात पुढं बऱ्याच भानगडी होतात. जबड्याचं हाड रक्तपुरवठा कमी झाल्यामुळं सडू शकतं, तिथून पू येतो, हाड उघडं पडतं. बुरशीचा संसर्ग होतो. कातडी दगडासारखी घट्ट होते. यातलं काहीही बघणाऱ्याला कॅन्सरसारखं वाटू शकतं. पेट स्कॅनमध्येसुद्धा सूज आणि कॅन्सर दोन्ही चमकतात. रेडिएशन संपल्यावर साधारण तीन महिन्यांच्या आत केलेला पेट स्कॅन तर हमखास गोंधळात टाकतो.

त्यामुळं बायोप्सी लागते. ‘कॅन्सरला हत्यार लागलं की तो पसरतो’ हे आपल्याकडं घरोघरी ऐकू येणारं वाक्य आहे आणि त्यापायी कितीतरी लोक तुकडा काढू देत नाहीत. तोंडातल्या गाठीचा नीट काढलेला तुकडा कॅन्सर पसरवत नाही. उलट तुकड्याशिवाय दुसरा उपचार सुरू करणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

दुसरी एक शक्यता लक्षात ठेवण्यासारखी आहे. तंबाखू आणि सुपारीनं तोंडाचा एकच कोपरा खराब होत नाही, आतलं सगळं अस्तरच खराब होतं. त्यामुळं काही वर्षांनी दुसऱ्या बाजूला किंवा जिभेवर आलेली जखम हा जुना कॅन्सर परतलेला नसून नवाच कॅन्सर असू शकतो. रुग्णाला दोन्ही सारखंच वाटतं, पण उपचारात फरक पडतो. नवी जागा जुन्या रेडिएशनच्या टप्प्याबाहेर असेल, तर तिथं पूर्ण डोस देण्याची मोकळीक जास्त असते.

परत येणारे बहुतेक कॅन्सर पहिल्या दोन वर्षांतच परत येतात. म्हणून या काळात तपासणीला वारंवार बोलावतात. ‘बरं वाटतंय, कशाला जायचं’ म्हणून चुकवलेली तारीख सगळ्यात महाग पडते, कारण लहान गाठ सापडली तर पुढचे जवळपास सगळे पर्याय शिल्लक असतात.

महाराष्ट्राला हा आजार अनोळखी नाही. शरद पवार यांचं २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशनही झालं, आणि त्यानंतरचं त्यांचं राजकारण आपण बघतोच आहोत. आर. आर. पाटील यांचं १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच आजारानं निधन झालं. एकाच राज्यातली, एकाच पक्षातली दोन माणसं. २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाले, असा जागतिक पातळीवरचा अंदाज आहे. भारतीय पुरुषांत हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

एकदा दिली, मग परत का नको?

किरण पेशीतल्या डीएनएवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशींना तो घाव नीट दुरुस्त करता येत नाही, चांगल्या पेशींना बऱ्यापैकी येतो. रोज थोडा थोडा डोस देण्यामागं हेच कारण आहे: रात्रीतून चांगल्या पेशींनी सावरावं.

पण ‘बऱ्यापैकी’ म्हणजे पूर्ण नाही. बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मांस तंतुमय होतं, लाळग्रंथी सुकतात. वरून जखम भरलेली दिसते, आतल्या जागेचा जुना हिशेब मिटलेला नसतो. प्रत्येक अवयवाला आयुष्यभरात किती किरण सोसतील याची एक मर्यादा असते, आणि पहिल्या वेळी त्यातला मोठा हिस्सा वापरून झालेला असतो.

सगळे अवयव सारखे नसतात, हेही खरं. मज्जारज्जूला पहिल्या डोसचा काही भाग काळानं ‘विसरता’ येतो, हे माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं. म्हणूनच दोन रेडिएशनमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर असावं असं बहुतेक डॉक्टर धरून चालतात. वर्ष-दोन वर्षं गेली असतील तर आणखी बरं. जबड्याचं हाड मात्र फारसं विसरत नाही.

आणि एक कटू मुद्दा. पहिल्या ६० ग्रेनंतरही ज्या पेशी जगल्या, त्याच वाढून ही नवी गाठ झाली आहे. म्हणजे किरणांना दाद न देणाऱ्या पेशी निवडून मागं उरल्या आहेत. गाठ परत येण्याचं अंतर जितकं कमी, तितका हा संशय जास्त. चार महिन्यांत परत आलेली गाठ आणि चार वर्षांनी आलेली गाठ, यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

पहिला प्रश्न लाईटचा नाहीच

गाठ परत आली की डॉक्टर आधी बघतात ते हे: ऑपरेशन करून ती पूर्ण काढता येईल का? तोंडाच्या परतलेल्या कॅन्सरमध्ये बरं होण्याची सगळ्यात चांगली संधी आजही शस्त्रक्रियेतच आहे. गाठ कवटीच्या तळाला, मानेतल्या मुख्य रक्तवाहिनीला किंवा मणक्याच्या पुढच्या स्नायूंना चिकटली असेल, तर ती संधी जाते.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. मग वरून परत रेडिएशन द्यायचं का? फ्रान्स आणि बेल्जियममधल्या १३० रुग्णांवर याचाच अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना ऑपरेशननंतर पुन्हा रेडिएशन आणि केमो दिली, अर्ध्यांवर फक्त लक्ष ठेवलं. ज्यांना दिलं, त्यांच्यात त्या जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण कमी झालं. पण एकूण किती काळ जगले, यात फरक दिसला नाही. आणि दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम ३९ टक्के लोकांना झाले, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना.

हा अभ्यास वाचून मी बराच वेळ थांबले होते. ‘कॅन्सर आटोक्यात राहिला’ आणि ‘माणूस जास्त जगला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि ओपीडीच्या गर्दीत दोन्ही एकच वाटतात. तेव्हाचं तंत्र जुनं होतं, आजच्या मशिनांनी दुष्परिणाम कमी होतात, हे मान्य. तरी ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना दुसरं रेडिएशन देत नाहीत, त्यामागं हे कारण आहे. कडेला कॅन्सरच्या पेशी उरल्या असतील, किंवा मानेतल्या गाठीतून कॅन्सर कवच फोडून बाहेर आला असेल, तेव्हा पारडं रेडिएशनकडं झुकतं.

मग कुणाला फायदा होतो?

अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन आधुनिक पद्धतीनं दुसऱ्यांदा रेडिएशन घेतलेल्या ४१२ रुग्णांचा हिशेब मांडला, २०१८ मध्ये. त्यांनी रुग्णांचे तीन गट पाडले. पहिल्या रेडिएशनला दोन वर्षांहून जास्त काळ झाला आणि गाठ ऑपरेशननं काढता आली, असा पहिला गट. यातले दोन वर्षांनी सुमारे ६२ टक्के हयात होते. दुसऱ्या गटात दोन प्रकारचे लोक: दोन वर्षं उलटून गेलेले पण ऑपरेशन न झालेले, आणि दोन वर्षांच्या आत परत आलेला पण अजून तोंडानं खाणारे, गळ्यात श्वासाची नळी नसलेले. यातले ४० टक्के. आणि तिसरा गट, लवकर परत आलेला आणि अन्नाच्या किंवा श्वासाच्या नळीवर असलेले. यातले सुमारे १७ टक्के.

हे आकडे डोकं आणि मानेच्या सगळ्या कॅन्सरचे मिळून आहेत आणि रुग्ण अमेरिकेतले आहेत. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरला ते जसेच्या तसे लावू नका. पण दिशा कळते. आपले काका कुठं बसतात? दीड वर्षानं परत आला, म्हणजे दोन वर्षांच्या आत. पण ते अजून भाकरी दुधात कुस्करून तोंडानं खातात, गळ्यात नळी नाही. म्हणजे दुसरा गट. हेच काका दोन महिने ‘बघू’ करत थांबले आणि नाकात नळी घालायची वेळ आली, तर तिसरा.

याशिवाय तब्येत बघतात, वजन बघतात, कॅन्सर फुप्फुसात पोचलाय का बघतात. पोचला असेल तर तोंडावर मोठा डोस देऊन त्रास देण्यात अर्थ उरत नाही.

दुसऱ्यांदा देण्याच्या पद्धती

पहिल्या वेळी गाठीची जागा आणि सोबत मानेचा बराचसा भाग किरणांखाली येतो, न दिसणाऱ्या पेशीही माराव्यात म्हणून. दुसऱ्या वेळी तसं करत नाहीत. जिथं गाठ दिसते तिथं आणि भोवती थोडी जागा, बस्स.

सगळ्यात जास्त वापरली जाते ती आयएमआरटी. लिनॅक मशिन अनेक दिशांनी किरण सोडतं आणि प्रत्येक दिशेला त्यांचा जोर कमीजास्त करतं, त्यामुळं डोस गाठीच्या आकारात बसवता येतो आणि मज्जारज्जू वाचवता येतो. यात परत सहा-साडेसहा आठवडे, एकूण साधारण ६० ग्रेच्या आसपास. चेहऱ्यावर तोच जाळीचा मास्क. कधी कधी डोस लहान करून दिवसातून दोनदा देतात. सोबत केमो द्यायची का, हे किडनी आणि ताकद बघून ठरतं.

दुसरी एसबीआरटी. ‘पाच दिवसांत लाईट’ म्हणून लोक जिची चौकशी करतात ती हीच. सायबरनाइफ हे तिच्यातल्या एका मशिनचं नाव. रोज २ ग्रेऐवजी एका वेळी ७-८ ग्रे, असे पाच डोस, एक दिवस आड. दुधनीहून येणाऱ्या माणसाला सहा आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांत घरी जाता येतं, हे मोठं आकर्षण आहे. पण गाठ लहान लागते. कातडी फोडून बाहेर आलेल्या किंवा रक्तवाहिनीला विळखा घातलेल्या गाठीला एवढा मोठा डोस धोक्याचा ठरतो.

तिसरी ब्रॅकीथेरपी. यात मशिन बाहेर नसतं. गाठीतून बारीक प्लास्टिकच्या नळ्या ओवतात आणि त्यातून इरिडियमचा किरणोत्सारी दाणा काही मिनिटं आत फिरवून परत काढतात. किरण जागेवरच संपतात, शेजारच्या हाडाला कमी लागतात. ओठ, जीभ, गाल इथल्या लहान गाठीला चांगली पद्धत. पण ती हातानं करायची कला आहे आणि नियमित करणारे डॉक्टर मोजके आहेत.

चौथी प्रोटॉन थेरपी. नेहमीचे एक्स-रे शरीरात शिरून आरपार जातात, वाटेत लागेल त्याला डोस देत. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडं जवळपास काही जात नाही. एकदा भाजलेल्या जागेला दुसऱ्यांदा हात लावायचा तर हा गुण मोलाचा. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक संस्थेत २०२३ पासून प्रोटॉननं उपचार सुरू आहेत. चेन्नईतल्या खासगी केंद्रात २०१९ पासून. मात्र ‘प्रोटॉन म्हणजे हमखास’ असं समजून शेत विकायला निघू नका. तोंडाच्या परतलेल्या कॅन्सरमध्ये प्रोटॉन घेतलेले लोक आयएमआरटी घेतलेल्यांपेक्षा जास्त जगतात, असं समोरासमोर तुलना करून अजून सिद्ध झालेलं नाही. काही रुग्णांत दुष्परिणाम कमी करण्यासाठी ते उपयोगी आहे, आणि ते ‘काही’ प्लॅन आखून बघितल्यावरच कळतात.

ज्या धोक्याबद्दल कुणी बोलत नाही

तोंड कोरडं पडणं, गिळायला त्रास, तोंड न उघडणं, हाड सडणं हे दुष्परिणाम पहिल्या वेळी भोगलेले असतात, दुसऱ्या वेळी ते वाढतात. थायरॉईड मंदावतं, ते एका रक्ततपासणीत कळतं आणि गोळीनं सावरतं. दात काढायचा झाला तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. किरण घेतलेल्या जबड्यातून परस्पर दात उपटला की हाड सडण्याचा रस्ता उघडतो.

पण एक धोका वेगळा आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते, कॅरोटिड. दोनदा किरण घेतलेली ही धमनी क्वचित फुटते. १,५५४ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा हे २.६ टक्के लोकांत घडलं होतं, आणि ज्यांना घडलं त्यांतले साधारण चारातले तिघे वाचले नाहीत. शंभरात दोन-तीन. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. सही करायच्या आधी घरच्यांना तो माहीत हवा, एवढंच. आणि एक व्यवहाराची गोष्ट: मोठ्या रक्तस्रावाआधी कधी कधी तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून थोडंसं लालभडक रक्त येऊन आपोआप थांबतं. ‘थांबलं ना’ म्हणून घरी बसू नका. जागा स्वच्छ टॉवेलनं दाबून धरा आणि तडक मोठं रुग्णालय गाठा. धमनी आतून बंद करण्याची किंवा आत जाळी बसवण्याची सोय तिथं असते.

लाईट द्यायची नाही असं ठरलं तर?

‘आता काही करता येत नाही’ असं याचा अर्थ होत नाही. या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी जगाला दाखवण्यासारखं काम केलं आहे, आणि ते आपल्या खिशाचा विचार करून केलंय. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४२२ रुग्ण होते. अर्ध्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन, अर्ध्यांना फक्त दोन स्वस्त गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब. गोळ्या घेणारे साधारण साडेसात महिने जगले, सिस्प्लॅटिनवाले सहा महिने. फरक छोटा आहे, पण तो गोळ्यांच्या बाजूनं आहे आणि गंभीर त्रासही गोळ्यांनी कमी झाला. मेथोट्रेक्सेट इथं आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर वार गोल करून ठेवा.

२०२२ मध्ये त्याच संस्थेनं पुढचं पाऊल टाकलं. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात आणि त्याचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, सोबत वरच्या दोन गोळ्या आणि एर्लोटिनिब दिलं. नुसत्या गोळ्यांवर एक वर्ष जगणारे १६ टक्के होते. हे थोडंसं औषध जोडल्यावर ४३ टक्के झाले. तुमच्या डॉक्टरांना ‘कमी डोसचं निवोलुमॅब’ हे शब्द वापरून विचारता येईल.

आणि कधी कधी लाईट देतात, पण बरं करण्यासाठी नाही. गाठ दुखते, वाहते, वास येतो, रक्त येतं. अशा वेळी दोन दिवसांत चार छोटे डोस देतात, आराम वाटला तर तीन-चार आठवड्यांनी परत. याला ‘क्वाड शॉट’ म्हणतात. दुखणं कमी करणं हाही उपचारच आहे. त्यासोबत मॉर्फिनच्या गोळ्या. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे बिचकतात, ‘सवय लागेल’ म्हणतात. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार घेतलेल्या मॉर्फिननं माणूस नशेबाज होत नाही, तो रात्री झोपतो.

दुधनीहून कुठं जायचं?

सोलापुरात कॅन्सरची रुग्णालयं आहेत. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली खेड्यांसाठीची पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली, ही गोष्ट बार्शीबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे. उलट्या दिशेला कलबुर्गीत बंगळुरूच्या किदवई संस्थेचं केंद्र आहे. तपासणी, बायोप्सी, केमो, दुखण्यावरचे उपचार यासाठी लगेच मुंबई गाठायची गरज नसते.

पण दुसऱ्यांदा रेडिएशन द्यायचं की नाही, या एका निर्णयासाठी मोठ्या केंद्राचं मत घ्या. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर एकत्र बसून केस बघतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ‘आमची केस ट्यूमर बोर्डात ठेवाल का?’ हे विचारायला लाजू नका. प्रवास झेपत नसेल तर टाटा मेमोरियलशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून मत मागवता येतं. भेटीत विचारायचे प्रश्न मोबाइलवर लिहून न्या: ऑपरेशन होईल का? जुन्या डोसच्या जागेवरच परत डोस पडणार का? हे बरं करण्यासाठी आहे की आराम पडण्यासाठी? नाही घेतलं तर काय होईल? शेवटचा प्रश्न रुग्णासमोर विचारायचा की नाही, हे घरच्यांनी आधी ठरवावं. माझं मत विचाराल तर काकांना विचारून ठरवा. तोंड त्यांचं आहे.

पैशांचं बघायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण दुसऱ्यांदाचं रेडिएशन आणि नेमकी कोणती पद्धत पॅकेजमध्ये बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून सुरुवात करायच्या आधी विचारा. कलबुर्गीला जाणार असाल तर तिथं महाराष्ट्राची योजना चालेलच असं नाही; आयुष्मान कार्ड घेतात का, ते फोनवर विचारून निघा. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना पिढ्यान्‌पिढ्या आधार देत आली आहे. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र घ्या.

आणि रेल्वे. कॅन्सरच्या उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो आणि तो आरक्षण खिडकीवर द्यावा लागतो. मुंबईहून परत निघताना पुढच्या तारखेचा फॉर्म तिथंच भरून घ्या, नाहीतर सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडताना पूर्ण भाडं भरावं लागतं.